सोनेरी तारे, मकतब आणि गझाली: सहावीच्या वर्गशिक्षिकेला उत्तर

कुर्ल्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या शाळेत यंदापासून चारित्र्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आहे. दर महिन्याला एक मूल्य, भिंतीवर तक्ता आणि चांगलं वागेल त्याच्या नावापुढे सोनेरी तारा. वर्गातली बरीच मुलं शाळा सुटल्यावर मकतबला, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या वर्गाला, जातात. एक सहकारी म्हणतात, इस्लामी शिक्षणात पाठांतर आणि छडी यापलीकडे आहे काय, तिथून काय घेणार? मकतबचे मौलाना म्हणतात, हे सगळं आमच्या किताबांमध्ये हजार वर्षांपासून लिहिलेलं आहे, नव्या कार्यक्रमाची गरजच काय? बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत: या दोघांत बरोबर कोण, जुन्या लेखकांकडून सहावीच्या वर्गात खरोखर काय घेता येईल, आणि ते घेतल्यावर बाकीच्या पालकांना खटकलं तर काय करायचं.

बाई, मी डी.एड.च्या मुलामुलींना शिकवण्यात उभी हयात घालवली. मुंबईतल्या शाळांच्या मागच्या बाकांवर बसून त्यांचे पाठ पाहिले. आमचं घर कोकणी मुसलमानांचं, त्यामुळे लहानपणी मकतबच्या चटईवरही बसले. या दोन्ही जगांबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मौलानांचं म्हणणं. लिहिलेलं आहे, हे खरं. तुमच्या सहकाऱ्यांनी ते वाचलेलं नाही, आणि बहुतेक मकतबांमध्येही ते वाचलं जात नाही, हेही तितकंच खरं. त्या जुन्या ग्रंथांचा आजच्या कार्यक्रमांपेक्षा वेगळेपणा माझ्या मते दोन गोष्टींत आहे. ते सुरुवात शिक्षकापासून करतात. आणि मुलाला एखादं बक्षीस द्यायचं तर त्याच्यापुढची पायरी कोणती, हे त्यांनी आधी ठरवलेलं असतं. आपल्या शाळांमध्ये काम भिंतीवरच्या तक्त्यापासून सुरू होतं आणि फार वेळा तिथंच थांबतं.

हे दोन प्रवाह एकमेकांना परके आहेत, असं मानायचं कारण नाही. आज इंग्लंड-अमेरिकेत जे चारित्र्यशिक्षण चालतं त्यातला मोठा भाग अ‍ॅरिस्टॉटलकडे बोट दाखवतो: सद्गुण सवयीने येतात, दोन टोकांच्या मधला मार्ग शोधावा लागतो, लहानपणी लागलेलं वळण पुढे कामाला येतं. हाच अ‍ॅरिस्टॉटल नवव्या-दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये अरबीत आला होता. तो वाचून इब्न मिस्कवैह यांनी ‘तहजीब अल-अखलाक’ हे नीतीवरचं पुस्तक लिहिलं. मिस्कवैह मूळचे रय शहरातले, म्हणजे आजच्या तेहरानजवळचे, बुवैही राजघराण्याच्या दरबारात ग्रंथपाल आणि खजिनदार. १०३० साली ते वारले. त्यांची स्वभावाची व्याख्या मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे: स्वभाव म्हणजे मनाची अशी अवस्था, की जिच्यामुळे कृती विचार न करता, आपसूक घडते. ती काही अंशी जन्मजात असते आणि काही अंशी सरावाने घडते. सराव सुरुवातीला ठरवून, जाणूनबुजून करावा लागतो. होता होता तो अंगवळणी पडतो. वर्गात पेन सापडलं तर ‘कोणाचं आहे?’ हे मुलाच्या तोंडून आपोआप निघणं, हे चारित्र्य. तारा मिळेल का, याचा हिशेब करून निघणं, ही फार तर त्याची सुरुवात.

मिस्कवैहांची आणखी एक गोष्ट मुंबईच्या माणसाला पटेल. एकांतात राहणाऱ्याला ते सद्गुणी म्हणायला तयार नाहीत. ज्याला कोणाशी व्यवहारच करायचा नाही त्याचं औदार्य, न्याय, संयम दिसणार कुठे? माणूस माणसांत राहूनच घडतो, आणि एकत्र नमाज, शुक्रवारची जमात, हज यांमागेही माणसांनी एकमेकांत मिसळावं हा हेतू आहे, असं ते लिहितात.

त्यांचंच म्हणणं पुढे नसीरुद्दीन तूसींनी १२३५ मध्ये फारसीत आणलं. ‘अखलाक-ए-नासिरी’ हे त्यांचं पुस्तक हिंदुस्थानात मुघल काळात चांगलंच वाचलं जायचं. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त मुलांनी काय शिकावं याची जंत्री दिली आहे. तिची सुरुवात नीतीच्या पुस्तकांपासून होते आणि मग अंकगणित, शेती, भूमिती, खगोल असं पुढे जाते. तेव्हा ही विद्या आपल्याकडे कालपरवा आयात झालेली नाही.

आता गझाली. तुमच्या वर्गासाठी सगळ्यांत उपयोगी तेच आहेत. अबू हामिद अल-गझाली यांचा जन्म १०५८ चा, खुरासानातल्या तूसचा. बगदादच्या निजामिया मदरशात ते १०९१ पासून शिकवत होते. त्या काळी याहून मोठी जागा नव्हती. १०९५ मध्ये ते ती सोडून निघून गेले. आपण शिकवतो ते देवासाठी की नावासाठी, या प्रश्नाने त्यांना इतकं ग्रासलं होतं की वर्गात तोंडातून शब्द फुटेना. ‘इह्या उलूम अद्-दीन’ हा त्यांचा ४० भागांचा ग्रंथ त्यानंतरचा. त्यातला बाविसावा भाग मनाला वळण लावण्याबद्दल आहे, आणि त्याच्या शेवटाकडे लहान मुलांच्या संगोपनावर काही पानं आहेत. शिक्षक म्हणून मी वाचलेल्या सर्वांत मोलाच्या पानांत मी ती धरते.

मूल म्हणजे आईबापांकडे सोपवलेली अमानत, त्याचं मन म्हणजे अजून काहीही न कोरलेलं रत्न, असं ते म्हणतात. स्वभाव बदलतच नाही, असं म्हणणाऱ्यांना ते ठणकावून उत्तर देतात: मग उपदेश, शिस्त, धर्म सगळंच निरर्थक ठरेल, शिकारी ससाणा आणि घोडासुद्धा शिकवला तर बदलतो. पण लगेच मर्यादाही सांगतात. खजुराची बी आज सफरचंदही नाही आणि खजुराचं झाडही नाही. निगा राखली तर तिचं खजुराचं झाड होईल, सफरचंदाचं कधीच होणार नाही. म्हणून राग मुळासकट उपटून टाकणं हे त्यांचं ध्येयच नाही. राग ताब्यात यायला हवा, आणि जिथे लागेल तिथे तो असायलाही हवा. वर्गातल्या तापट मुलाला ‘तू शांत हो’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे फार उपयोगी आहे. त्याला गाय बनवायचं नाही. दुबळ्या पोराला कोणी छळलं तर पहिला उठेल तो हाच मुलगा.

आणि मग ते चूक सुधारण्याबद्दल बोलतात. मुलाच्या हातून एखाद्या वेळी चूक झाली तर तिच्याकडे दुर्लक्ष करावं, विशेषतः मूल स्वतःच ती लपवत असेल तर. उघडं पाडलं की ते निर्ढावतं. पुन्हा घडली तर एकांतात समज द्यावी, गांभीर्य सांगावं. सतत बोल लावू नयेत, कारण ऐकून ऐकून बोलण्याची धार जाते. चांगलं काही केलं तर मात्र कौतुक चारचौघांत करावं.

गोवंडीच्या एका शाळेत मी एका तरुण शिक्षिकेचा पाठ पाहायला गेले होते. हजेरी घेताना ती वह्यांवरच्या पालकांच्या सह्या तपासत होती. एका मुलाची सही उघड खोटी होती, शाळकरी अक्षरातली. तिने पाहिली, वही मिटली, पुढचं नाव घेतलं. मधल्या सुट्टीत त्याच मुलाला म्हणाली, ‘चल, वह्या स्टाफरूममध्ये न्यायला मदत कर.’ जिन्याच्या वळणावर, आजूबाजूला कोणी नव्हतं तेव्हा, एवढंच बोलली: ‘ही सही बाबांची नाही. उद्या घरून खरी आण.’ दुसऱ्या दिवशी वहीवर सहीच्या जागी शाईचा अंगठा होता. बाप गावी होता आणि आईला लिहिता येत नव्हतं. वर्गाला ते कळू नये म्हणून त्या पोराने सही ठोकली होती. त्या महिन्याचं मूल्य ‘प्रामाणिकपणा’ आहे म्हणून हीच वही वर्गासमोर उघडली गेली असती तर? त्या तरुण शिक्षिकेने गझाली वाचलेला नव्हता. चांगल्या शिक्षकाला यातलं बरंचसं आतूनच उमगतं. पण सगळ्यांना उमगत नाही, आणि उमगलेलंही साठ मुलांच्या वर्गात, शेवटच्या तासाला, डोकं तापलेलं असताना टिकत नाही. म्हणून ते लिहिलेलं असणं आणि आपण ते पुन्हा पुन्हा वाचणं गरजेचं.

तुमच्या सोनेरी ताऱ्यांकडे येते. काही जण सांगतील की बक्षिसं वाईटच. गझालींनी तसं म्हटलेलं नाही. मुलाला शिक्षणाकडे आधी चेंडू-काठीच्या आणि पाखरांच्या खेळाचं आमिष दाखवून आणावं लागतं, ते लिहितात. जरा मोठा झाला की चांगल्या कपड्यांचं, मग मानाच्या जागेचं, आणि शेवटी परलोकाच्या ओढीने तो स्वतः चालू लागतो. अगदी वास्तवाला धरून सांगितलेली पायऱ्यांची वाट आहे ही. मुलाला एकदम वरच्या पायरीवर उभं करता येत नाही, आणि खालच्या पायरीवर त्याला कायमचं बसवायचंही नसतं.

याच्या शेजारी १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग ठेवून पाहा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधी सांगितलं: चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं, लाल फितीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी न सांगता शेवटी दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात ज्यांना आधी कबूल केलं होतं त्यांनी मार्करला हात लावणं बरंच कमी केलं. ज्यांना अचानक मिळालं त्यांच्यात तशी घट झाली नाही. म्हणजे बोचतं ते बक्षिसाचं आश्वासन, सौदा.

म्हणून मी तक्ता फाडा म्हणणार नाही. ज्या कामाची मुलांना अजून गोडीच नाही, उदाहरणार्थ डबा खाल्ल्यावर बाक पुसणं, तिथे महिनाभर तारा चालेल. ते सुरळीत झालं की तारा काढून घ्या आणि जबाबदारी द्या: या आठवड्यात बाकांचं काम अमुक गट बघेल. त्याच्या पुढे नुसता विश्वास. जी गोष्ट मूल आपणहून करतं, म्हणजे रडणाऱ्या मैत्रिणीजवळ जाऊन बसणं किंवा दुसऱ्याला पेन्सिल देणं, तिथे तारा मुळीच लावू नका. तिथे नंतर, तिने अपेक्षाही केलेली नसताना, एक वाक्य पुरतं: ‘काल तू तिच्याजवळ बसलीस ते मी पाहिलं.’ दिखाव्यासाठी केलेलं पुण्य, ज्याला रिया म्हणतात, त्यावर ‘इह्या’मध्ये वेगळा भागच आहे. शाळेच्या तक्त्यावरून आपण नकळत त्याचीच शिकवणी घेऊ शकतो, आणि ती मुलं फार चटकन शिकतात.

शिक्षकाबद्दल मात्र गझाली फार कठोर आहेत. ‘इह्या’च्या पहिल्याच भागात ते शिक्षकाची आठ कर्तव्यं सांगतात. विद्यार्थ्यांना पोटच्या पोरांसारखं वागवणं, वाईटापासून परावृत्त करताना शक्यतो सूचकपणे बोलणं, ज्याची जेवढी समज तेवढंच त्याच्यापुढे ठेवणं, दुसऱ्याच्या विषयाला हिणवू नये हे. (हे शेवटचं वाचून मला प्रत्येक स्टाफरूम आठवते: गणिताचे सर आणि चित्रकलेचे सर.) आणि आठवं, बोलाल तसं वागा: काठीच वाकडी असेल तर सावली सरळ पडेल कशी?

हे तर सगळेच म्हणतात, असं तुम्हाला वाटेल. गझालींचं मोठेपण हे की ते पुढे उपाय देतात. स्वतःचे दोष स्वतःला दिसत नाहीत, तर ते कळायचे कसे? चार मार्ग सांगतात. एक, जाणत्या गुरूच्या नजरेखाली राहणं. दोन, खरं बोलणारा मित्र शोधून त्याला स्वतःवर देखरेखीला नेमणं. तीन, शत्रूचं ऐकणं, कारण स्तुती करणाऱ्या मित्रापेक्षा वैऱ्याच्या तोंडून आपले दोष जास्त कळतात. चार, लोकांत मिसळून त्यांच्यात जे वाईट दिसेल ते आपल्यात शोधणं. शिक्षक-प्रशिक्षणाची याहून चांगली रूपरेषा मला माहीत नाही. दुसरा मार्ग उद्यापासून जमण्यासारखा आहे. शेजारच्या वर्गाच्या बाईंना सांगा: महिन्यातून एकदा माझ्या वर्गात मागे बसा आणि विषय कसा शिकवते ते बघूच नका, फक्त मी कोणाशी कशा आवाजात बोलते ते टिपा. कोणाचं नाव मी नेहमी रागावतानाच घेते, कोणाचं कधी घेतच नाही. तिसरा मार्ग, म्हणजे तावातावाने भांडायला आलेल्या पालकांचं म्हणणं घरी जाऊन शांतपणे आठवणं, अवघड आहे. तरी त्यातूनच जास्त हाती लागतं.

रोजच्या आत्मपरीक्षणासाठी ते व्यापाऱ्याचं उदाहरण घेतात. व्यापारी आपल्या भागीदाराशी सकाळी अटी ठरवतो, दिवसभर लक्ष ठेवतो आणि संध्याकाळी हिशेब मागतो. तसं माणसाने स्वतःच्या मनाशी करावं. मशीद बंदरात किंवा क्रॉफर्ड मार्केटात ज्यांच्या घरची माणसं हमाली नाहीतर दुकानदारी करतात, त्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सहावीच्या मुलांना सकाळी परिपाठानंतर एकच अट वहीच्या मागच्या पानावर लिहू द्या, ‘आज मी मधेच बोलणार नाही’ इतकी लहान. शेवटच्या तासाला तिच्यापुढे स्वतःच खूण करू द्या. ते पान तुम्ही तपासू नका आणि त्यावर गुण देऊ नका. तपासलं की मुलं तुमच्यासाठी लिहायला लागतील.

आता छडी. तुमच्या सहकाऱ्यांना मी या मुद्द्यावर खोडून काढणार नाही. मार जुन्या पुस्तकांत आहे. शिक्षकाने मारलं तर मुलाने आरडाओरडा करू नये, सोसावं, असं त्याच पानांत गझालींनीही लिहिलं आहे. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवानचे इब्न सहनून नवव्या शतकात शिक्षकांसाठी नियमावली लिहून गेले. श्रीमंत आणि गरीब मुलांना सारखं वागवा, मुलांना स्वतःच्या कामांना पिटाळू नका, असे नियम तिच्यात आहेत. आजही काही शाळांच्या दाराशी ते लावावेत असे. पण तिथेही तीन फटक्यांपर्यंत मुभा आहे. त्या काळात युरोपातही वेगळं नव्हतं. पण आपल्याला आज ते चालत नाही, आणि चालू द्यायचंही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. परंपरेवर प्रेम असलेल्या माणसाने हे आधी आणि स्पष्ट बोलावं, असं माझं मत आहे. लपवल्याने परंपरेची अब्रू वाचत नाही.

शिवाय परंपरेतूनच माराविरुद्धचं सर्वांत भेदक लिखाण आलेलं आहे. इब्न खल्दून, ट्यूनिसचे, १३३२ ते १४०६. ‘मुकद्दिमा’ ही त्यांच्या इतिहासग्रंथाची प्रसिद्ध प्रस्तावना त्यांनी १३७७ मध्ये लिहिली, आणि तिच्यात शिकणाऱ्यांवर सक्ती केल्याने काय होतं यावर एक प्रकरण आहे. जो धाकात वाढतो त्याचं मन आक्रसतं, उत्साह जातो, आळस येतो. मार चुकवण्यासाठी तो खोटं बोलायला आणि मनात एक, बाहेर एक असं वागायला शिकतो. पुढे हीच लबाडी त्याचा स्वभाव बनते. एवढ्यावर न थांबता ते म्हणतात की ज्या समाजांना दुसऱ्याच्या जुलमाखाली राहावं लागलं त्यांचंही असंच होतं. साडेसहाशे वर्षांपूर्वीचं हे निदान आहे: खोटेपणा हा मुलाचा दोष असण्याआधी भीतीचा परिणाम असतो. याच प्रकरणात ते हारून अल-रशीदने मुलाच्या शिक्षकाला केलेला उपदेशही उद्धृत करतात. त्यात आधी ममता आणि हळुवारपणा आहे, आणि तो उपयोगी पडला नाही तरच कठोरपणा. तो शेवटचा भाग मी सोडून देते.

पाठांतराच्या आरोपाबद्दल. एखाद्या संध्याकाळी मदनपुऱ्यात किंवा तुमच्याच कुर्ल्यात मकतबमध्ये जाऊन बसा. दहा बाय बाराची खोली, चटया, लाकडी रेहलवर (पुस्तक ठेवायच्या घडीच्या स्टँडवर) उघडलेले कायदे, म्हणजे अरबी अक्षरओळखीची पुस्तकं, आणि सिपारे, म्हणजे कुराणाचे भाग, वीसेक पोरांचा एकदम चाललेला कोलाहल. बाहेरून तो गोंधळ वाटतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक पोराचं पान वेगळं असतं. ज्याचा सबक, म्हणजे धडा, झाला तो उस्तादांपुढे जाऊन बसतो, म्हणून दाखवतो. पक्का असेल तर पुढचा मिळतो, नसेल तर तोच उद्या पुन्हा. शेजारचा तीन पानं पुढे आहे म्हणून याला कोणी ओढत नाही. हे वेगळेपण आपल्या शाळेने गमावलं आहे. अर्थ न समजता म्हणणं ही तिथली मोठी उणीव आहे आणि इब्न खल्दूनना ती पसंत पडली नसती. ते तीन फेऱ्या सांगतात. पहिल्यांदा विषयाची ढोबळ ओळख, दुसऱ्यांदा खोलात आणि मतभेदांसकट, तिसऱ्यांदा कुठलीही गाठ न सोडवता सोडायची नाही. मूल्याचंही असंच. जून महिना प्रामाणिकपणाचा आणि जुलै श्रमप्रतिष्ठेचा, अशी गाडी पळवली तर पहिली फेरीसुद्धा पुरी होत नाही. तुमच्या हातात असेल तर वर्षाला तीनच मूल्यं घ्या आणि प्रत्येक पुन्हा पुन्हा, दर वेळी जरा खोलवर.

मौलानांना मात्र मी हेही म्हणेन की नवीन संशोधनाची गरज आहे. १९२८ ते १९३० या काळात हार्टशॉर्न आणि मे यांनी अमेरिकेत दहा हजारांहून अधिक मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. परीक्षेत नक्कल करणारं मूल खेळात किंवा पैशाच्या बाबतीत फसवेलच असं नव्हतं. प्रामाणिकपणाची थोरवी किती माहीत आहे, यावरून मूल प्रामाणिक वागेल की नाही हेही सांगता येत नव्हतं. आणि २०१० मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने ८४ प्राथमिक शाळांत चाललेल्या अशाच चारित्र्यशिक्षणाच्या सात कार्यक्रमांचं मूल्यमापन जाहीर केलं: सरासरीने पाहता मुलांच्या वागण्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. पैसा होता, साहित्य होतं, तयार कार्यक्रम होते. असं मोजून बघण्याची, आणि निकाल नावडता आला तरी छापण्याची सवय जुन्या ग्रंथांकडून मिळत नाही. ती आधुनिकांकडूनच घ्यावी लागते. मुलींचंही तसंच. गझालींची ती पानं मुलग्यांना समोर ठेवून लिहिली आहेत, तेही बहुधा खात्यापित्या घरच्या. आपल्या वर्गात पहिल्या बाकावर मुली आहेत. आणि प्रश्न विचारणं: ‘हे असंच का?’ असं सहावीतलं मूल विचारतं तेव्हा ते उद्धट झालेलं नसतं, वाढत असतं. उस्तादांपुढे मान खाली घालण्याची शिकवण इथे अपुरी पडते. मुंबईला जुन्या-नव्याचा हा मेळ नवा नाही. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी केली ती याच खटपटीतून.

राहिला पालकांचा प्रश्न. वर्गात गझालींचं नाव घ्यायलाच हवं असं नाही. एकांतात समज देणं, तारा काढून जबाबदारी देणं, वहीचं मागचं पान यांना कुठल्या धर्माची परवानगी लागत नाही. शिवाय आपल्या मूल्यशिक्षणातल्या संवेदनशीलता, सौजन्यशीलता, सर्वधर्मसहिष्णुता यांत ते सहज बसतं. पण गोष्टी सांगताना मात्र नावं घ्या, आणि सगळ्यांची घ्या. माहीमच्या मखदूम अली माहिमींची गोष्ट सांगतात: चौदाव्या-पंधराव्या शतकातले हे मोठे विद्वान, कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे. लहानपणी आईने रात्री पाणी मागितलं, ते घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला, आणि ती उठेपर्यंत मुलगा भांडं हातात घेऊन उभा राहिला. (हीच गोष्ट इराणचे सूफी संत बायझीद बिस्तामी यांच्याबद्दलही सांगतात.) माझ्या एका विद्यार्थिनीने पाचवीच्या वर्गात ती सांगितली तेव्हा एक मुलगा मागून म्हणाला, ‘टीचर, हे पुंडलिकासारखं झालं. त्याने तर देवालाच विटेवर थांबवलं.’ मग पंढरपुराला पायी जाऊन आलेली आजी निघाली, माहीमच्या उरुसाला जाणारे चाचा निघाले आणि तास संपला तरी वर्ग संपेना. तक्रार घेऊन कोणी पालक आला नाही. अशा वेळी दोन गोष्टींत कोण श्रेष्ठ हे मुलांना विचारू नका, आणि कोणी विचारलं तर ‘तुझ्या घरी कोण कोणासाठी थांबतं?’ याकडे वळवा.

मौलानांशी भेटा. तुमची बरीचशी मुलं दिवसातले पाच तास तुमच्याकडे आणि दीड तास त्यांच्याकडे असतात, आणि एकाच मुलाबद्दल तुम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललेला नसता. तक्रार घेऊन जाऊ नका. एखाद्या मुलाचं चांगलं काही दिसलं की ते सांगायला जा. ते ‘इह्या’ जाणत असतील तर मुलांच्या संगोपनाची ती पानं एकदा बरोबर वाचू या, म्हणा. ‘इह्या’चे उर्दू अनुवाद महंमद अली रोडवरच्या किताबघरांत मिळतात, ते उर्दूतून वाचतील, तुम्ही मराठीत टिपत जा. माराच्या वाक्याशी आलात की ते गाळू नका. तिथे थांबून दोघांनी बोलून घ्या आणि आपल्या दोन्ही वर्गांत ते चालणार नाही असं ठरवा. खेळाबद्दलचं वाक्य मात्र त्यांना मोठ्याने वाचायला सांगा: मकतब सुटल्यावर मुलाला छान खेळू द्यावं, कारण खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं, बुद्धी बोथट होते आणि तो त्यातून सुटण्याच्या युक्त्या शोधू लागतो. आणि मग शाळा, मकतब, शिकवणी या तिन्हींमध्ये मिळून या पोरांच्या खेळासाठी कुर्ल्यात रोज किती वेळ आणि कुठली जागा उरते, ते दोघांनी बसून काढा.